शिवाकाकांचा शेवटचा स्क्रू

शिवाकाका गेल्यावर आमच्या वर्कशॉपमधल्या त्यांच्या अंधाऱ्या खोलीत कुणी एकटं जाईना. खरं सांगायचं तर दुकटंही जाईना. लेथवर काम करणारे यूनुसचाचा बिडी ओढायला बाहेर निघाले, की त्या दाराला लांबून वळसा घालून जायचे. अख्खं कुवेत पेटलेलं बघून परत आलेला माणूस, आणि फळीच्या एका दाराला घाबरतो!

"चाचा, तिकडे रणगाड्यांना नाय घाबरलात?" मी एकदा विचारलंच.

"रणगाडा सरळ चालतो गो पोरी. तुझा काका भिंतीवर उलटा हाय. डोकं खाली, पाय वर. पाना आणायला गेलतो, या डोळ्यांनी बघितला."

मला हसू आलं, पण हसले नाही. चाचांनी बिडी पेटत्या टोकाने तोंडाला लावली होती.

आमचं वर्कशॉप रोह्याला, धाटावच्या रस्त्यावर. बाबा आणि शिवाकाका आधी कंपन्यांच्या पंपांचे नट-बोल्ट करायचे. मग पेणच्या एका हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, हाडात बसवायचे स्क्रू कराल का? बाबा म्हणाले, बघू. काका म्हणाले, करू. दोघा भावांत एवढाच फरक.

ते स्क्रू चांगले चालले. पण म्हाताऱ्या माणसांचं, नाहीतर अंगात कस न उरलेल्या बायकांचं हाड आतून भुसभुशीत होतं, त्यात नेहमीचा स्क्रू धरत नाही. म्हणून डॉक्टरांनी काकांना नमुन्यासाठी एक परदेशी स्क्रू चार दिवस वापरायला दिला. त्याचे दात खोल आणि एकमेकांपासून लांब लांब. काकांनी तो माझ्या तळहातावर ठेवून समजावलं होतं, "हे बघ नमे. दाताची टोकाकडची बाजू उतरती, म्हणून आत जाताना सरळ जातो. डोक्याकडची बाजू भिंतीसारखी उभी. बाहेर ओढलं की हाड त्या भिंतीला अडतं. एकदा बसला की बसला!" बोलताना त्यांचे डोळे असे चमकत होते की जणू तो दात त्यांना स्वतःलाच फुटलाय.

त्या खोलीला खिडकी नव्हती. वर्कशॉपकडच्या फळीच्या भिंतीला एक भोक, भोकात जुन्या कॅमेऱ्याचं भिंग. बाहेरच्या बाजूला स्टँडवर स्क्रू उभा करायचा, त्याच्यामागे मोठा दिवा लावायचा, की आत चुन्याच्या भिंतीवर त्याची ही एवढी सावली! इतकी मोठी की भिंतीवर मधले दोन-तीन दातच मावायचे. काका पेन्सिलीने सावलीची कड भिंतीवर गिरवायचे. त्यावरून पत्र्याचा नमुना कापायचे आणि चाचा त्या नमुन्याप्रमाणे लेथचं हत्यार घासायचे. बोल्टची कामं काकांनी सगळी अशीच केली होती.

श्रावणात त्यांनी नव्या स्क्रूचा नमुना कापून चाचांच्या हातात दिला, "एकदा परत बघून येतो," म्हणाले, आणि खोलीत गेले ते बाहेर आलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. परदेशी स्क्रू परत पेणला गेला. बाबांनी आणि चाचांनी तेराव्यानंतर त्याच नमुन्यावरून स्क्रू केले. खरं तर तयार झालेला स्क्रू पुन्हा सावलीत धरून भिंतीवरच्या रेघेशी जुळवायचा असतो. पण तोवर चाचांना भिंतीवर ते उलटं दिसलं होतं. आणि बाबा म्हणाले, "दादाची रेघ हाय. ती काय तपासायची?"

नवरात्र संपलं आणि जनीकाकू पडली. जनीकाकू म्हणजे शिवाकाकांची बायको. वरसे गावात घरामागच्या धुण्याच्या दगडावरून पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. पेणला नेली. डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला आणि बाबांना विचारलं, "तो नवा स्क्रू तयार आहे ना? हिच्या हाडात दुसरा धरणार नाही, आणि परदेशी एकटा पुरणार नाही. आणि एकदा घातलेला सुटला, तर ही बाई परत पायावर उभी राहील असं मी सांगू शकत नाही."

बाबांना रडू आलं. दुःखाने नाही. दादाचा शेवटचा स्क्रू पहिल्यांदा वहिनीलाच सांभाळणार, याचं.

काकूने मला खाटेजवळ बोलावलं. "नमे, उद्या मला आत नेतील तेव्हा त्यांच्या खोलीत एक दिवा लाव गो. माझ्यासोबत डॉक्टर असतील, नर्स असतील. ते तिथं एकटे."

"लावीन," मी म्हटलं. तोपर्यंत मी अलिबागला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माईकसमोर उभी राहून पहिलं बक्षीस आणलं होतं. आता या जगात मला भीती वाटण्यासारखं काही उरलंय, असं मला वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, वर्कशॉप बंद. बाबा पहाटेच्या गाडीने पेणला गेले. ऊन चांगलं तापल्यावर चाचांनी मला शटर उघडून दिलं. "मी दाराशी उभा ऱ्हातो. आत नाय येणार, आधीच सांगतो."

"नका येऊ. काका मला काय खाणार हायत?"

मी पणती घेऊन आत गेले. वाऱ्याने विझू नये म्हणून दार लोटून घेतलं. आत वंगणाचा वास होता, आणि त्याखाली काकांच्या तपकिरीचा. काडीपेटी चाचपत मान वर केली.

भिंतीवर अंगण होतं.

आमचंच अंगण, पण उलटं. जमीन वर, आभाळ खाली, जांभळाचं झाड छतातून खाली लोंबणारं, पानं हलतायत आणि आवाज मात्र काही नाही. आणि झाडाशी एक माणूस. पांढरा शर्ट, डोकं खाली, पाय वर.

माझ्या हातून काडीपेटी पडली. एक क्षण, फक्त एकच, मी सगळं वक्तृत्व विसरले. मग डोक्यात लख्ख पडलं. भिंग! समोर शटर उघडं, बाहेर रखरखीत ऊन, मध्ये भिंग, आत अंधार. भिंगातून प्रतिमा उलटीच पडते, दहावीच्या पुस्तकात आकृतीसकट दिलंय! मी खदाखदा हसले. एवढे दिवस सगळे कशाला घाबरत होते, तर अंगणातून जाणाऱ्या येणाऱ्याला!

"चाचा!" मी ओरडले. "झाडाखाली कशाला उभे आहात? भिंतीवर दिसताय तुम्ही! हात वर करा बघू!"

"झाड कुठलं?" दाराला लागूनच आवाज आला. "मी हितंच हाय, तुझ्या दाराशी."

हसू तोंडातच राहिलं.

भिंतीवरच्या माणसाने हात वर केला. म्हणजे भिंतीवर तो खाली आला. सावकाश हलला, आपण गाडी थांबवायला हलवतो तसा. त्याचा चेहरा जिथं होता, तिथं काकांच्या पेन्सिलीची रेघ होती, त्या स्क्रूच्या दातांची. रेघेच्या वरच्या अंगाला काकांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘डोकं’. खाली लिहिलेलं, ‘टोक’.

आणि त्या माणसाचं डोकं बरोबर ‘टोक’ लिहिलेल्या जागी होतं.

मी भिंतीजवळ जाऊन रेघेवर बोट टेकवलं. सावलीही याच भिंगातून पडलेली. काकांनी बाहेर स्क्रू डोकं वर करून उभा केला, तर भिंतीवर त्याचं डोकं खाली आलं असणार. दोन-तीन दातच दिसत होते, डोकं दिसतच नव्हतं, म्हणून त्यांनी सवयीने वर ‘डोकं’ लिहिलं, आणि पत्र्याच्या नमुन्यावरही तेच उतरलं. बोल्टच्या बाबतीत ही चूक कधी बाधलीच नाही, कारण बोल्टचा दात दोन्हीकडून सारखा. उलटा धरा, सुलटा धरा. पण या स्क्रूचा दात एकाच बाजूने उभा होता. आणि आम्ही तो उलट्या बाजूने उभा केला होता. पेणला काकूच्या हाडात जाणारा स्क्रू आत जाताना अडणार होता आणि बाहेर मात्र अलगद निसटणार होता.

मी दार ढकलून बाहेर पळाले. झाडाखाली कुणी नव्हतं. मी थांबून बघितलंसुद्धा नाही नीट.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये एक मावशी पुण्याच्या लेकीशी लोणच्याबद्दल बोलत होत्या. मी त्यांच्या हातातून फोन घेतला. हिसकावला म्हणा. पेणला कंपाउंडरने उचलला.

"पेशंटला आत घेतलंय. कमरेत इंजेक्शन देतायत. नंतर कर."

"नंतर नाय! कमळाकर, पेशंटचे दीर, बाहेर बसलेत. आत्ता बोलवा! नायतर उद्या तुमच्या दवाखान्याबाहेर अख्खं रोहा आणून उभं करीन!" बूथबाहेर रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

बाबा फोनवर आले. "काय गो? दिवा लावलास ना?"

"बाबा, तो स्क्रू घालू देऊ नका. दात उलटे आहेत."

"कोण म्हणतो?"

मला सांगता येईना. "भिंग म्हणतंय," मी म्हटलं, आणि सगळं एका दमात सांगितलं.

"उभ्या जन्मात दादाची रेघ चुकली नाय, नमे." त्यांचा आवाज कडक झाला होता. "तो जाऊन दोन महिने नाय झाले, आणि तू…"

"रेघ चुकलीच नाय बाबा! रेघ बरोबर हाय. नाव उलटं लिहिलंय. तुमच्या खिशात उरलेला एक स्क्रू असेल ना? काढा. डोक्याकडून टोकाकडे नख ओढा. अडायला पाहिजे. अडतंय?"

पलीकडे पंख्याची घरघर. कुणाचं तरी बाळ रडत होतं. मग बाबांच्या खिशातली नाणी वाजली. नंतर रिसीव्हर खाली सोडल्याचा, दोरीला लोंबकळत भिंतीवर आपटल्याचा आवाज, आणि लांबून बाबांची हाक, अशी की मी त्यांना तसं ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. "डॉक्टर! डॉक्टरसाहेब, थांबा! थांबा!"

चाचा आणि मी एसटीने पेणला पोचलो तेव्हा काकू परत खाटेवर होती. मोडलेल्या पायाला ताण द्यायला दोरीने विटा टांगलेल्या. डॉक्टरांनी परदेशी स्क्रू शेजारी धरून बघितला होता आणि म्हणे आमचा लगेच बाजूला ठेवला होता. बाबा खाटेच्या पायथ्याशी बसले होते.

"वहिनी, नमुना लावताना माझी चूक झाली."

"भावजी, खोटं बोलताना तुम्ही मिशी ओढता," काकू म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दिवा लावलास?"

"नाय काकू. लावायच्या आधीच…"

मी सांगितलं. झाड, पांढरा शर्ट, हात. चाचा दाराशी उभे राहून तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत होते. काकूने मध्ये एकदाच विचारलं, "हात कसा केला?" मी करून दाखवला. तिने पदर तोंडाला लावला.

"एवढ्या उन्हात आले," ती म्हणाली. "भावजी, मला नीट चालती करा. मला जायचंय तिथं."

बाबा दुसऱ्याच दिवशी त्या खोलीत एकटे गेले. त्यांनी ‘डोकं’ आणि ‘टोक’ पुसलं, रेघ नाही पुसली. नवे स्क्रू झाले. या वेळी प्रत्येक स्क्रू सावलीत धरला, आणि दात न् दात काकांच्या रेघेवर बसला. चाचासुद्धा बघायला आत आले, माझा दंड घट्ट धरून. त्याच आठवड्यात काकूचं ऑपरेशन झालं.

मार्गशीर्षात काकू वॉकर घेऊन वर्कशॉपवर आली. मला म्हणाली, "तू आत जा, दार लावून घे. मला त्यांच्याशी बोलायचंय, अंगणात कुणी नको."

मी अंधारात उभी राहिले. भिंतीवर अंगण, छतातून लोंबणारं जांभूळ. मग काकू आली, उलटी, सावकाश, एकेक पाऊल टाकत झाडाखाली जाऊन उभी राहिली. तिच्याजवळ कुणीच दिसत नव्हतं. तिचे ओठ हलत होते. बराच वेळ हलत होते. एकदा ती हसलीसुद्धा, एकदा रागावली. जुळलेल्या हाडावर भार देऊन तिने वॉकर बाजूला केला आणि हातांनी न धरता नुसतीच उभी राहिली, कुणाला दाखवावं तशी.

काकूचं माहेर पेणच्या खाडीकडच्या मिठागरांतलं. तिथल्या बांधावर एका वेळी एकच माणूस मावतो. समोरून कुणी आलं, की एकाने अंग चोरून कडेला उभं राहायचं.

भिंतीवर मी बघत होते. काकूने पदर सावरला, आणि तशीच अंग चोरून एका बाजूला सरकली, कुणाला तरी जायला वाट देत.