लिंबांचा झगा

माझ्या लेकीच्या, नायलाच्या सासरकडून लग्नपत्रिका आली, तिच्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : पोशाख नीटनेटका असावा, फार भारी नको. मी नवऱ्याला म्हटलं, "आता कपडेही हेच सांगणार? उद्या किती हसायचं तेही लिहून पाठवतील." ते नुसते मिशीत हसले. समुद्राकाठच्या बागेत संध्याकाळचं जेवण होतं, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या बागेची मला काळजी नव्हती. मला काळजी होती ती माझ्या दारातली, नवरी घरातून पाऊल बाहेर टाकते त्या घडीची.

त्या घडीला आमच्या घरात झलगूता म्हणायचा तो नुहाद वहिनीनंच. 'आवीहा' म्हणून ओळीला ओळ जोडायची, नवरीचं कौतुक करायचं, एखादीला चिमटा काढायचा, आणि शेवटी जीभ अशी नाचवत 'लिलिलिली' करायचं की बत्रूनच्या बंदरावरचे कोळीसुद्धा माना वळवत. माझा आवाज म्हणजे तेल न घातलेलं दार. माझा भाऊ हबीब म्हणायचाच, "इसाफ, तू लग्नात तोंड उघडू नकोस, नवरा पळून जाईल."

तो वारला आणि वहिनी दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत गेली. आता तिसरं वर्ष. काळ्या कपड्यातल्या बाईनं झलगूता म्हणायचा नसतो. लग्नाला आलीच तर ती मागे भिंतीशी उभी राहते. नायला तर मामीच्या मांडीवर वाढलेली पोर. मला म्हणाली, "आई, मामी गप्प राहिली ना, तर मी उंबऱ्यावरच बसकण मारीन. मग ये म्हणावं वरमाईला मला उचलायला."

काळं आपलं आपण उतरवत नाहीत. गेलेल्याच्या रक्ताच्या माणसांनीच रंगीत कपडा घेऊन जायचं आणि 'पुरे आता' म्हणायचं. म्हणजे मीच की! त्रिपोलीला जाऊन मी करड्या रंगाचा, गळ्याशी बारीक मणी लावलेला पोशाख आणला आणि नायलाला घेऊन वहिनीकडे गेले.

तिनं कॉफी केली. करडा पोशाख मांडीवर घेतला, मण्यांवरून बोट फिरवलं आणि घडी घालून मला परत दिला.

"छान आहे गं. पण हा घालायचा तर काळंच काय वाईट?"

"वहिनी, मी भावाच्या वतीनं आलेय. नाही म्हणायचं नाही."

"नाही कुठे म्हणतेय?" ती उठली आणि आतून एक झगा घेऊन आली. "काळं उतरवीन. पण ह्यासाठी."

मी डोक्याला हात लावला. साधा सुती झगा, घोळदार, आणि त्यावर ही भली मोठी पिवळीधमक लिंबं, हिरव्या पानांसकट! बंदरावरच्या जत्रेत मिळतात तसला. समुद्रावरून घरी येताना घालावा, फार तर अंगणात वांगी सोलताना.

"त्यानं घेतला होता," ती म्हणाली. "एकदाच घातला मी."

एके काळी दिवसभर हबीब-हबीब करणारी ही बाई. तो गेल्यापासून नाव म्हणून तोंडातून काढलं नव्हतं, नुसतं 'तो'. मला भरून आलं, पण माझी जीभ कुठली थांबायला?

"अगं, पण संध्याकाळचं जेवण आहे! लोक म्हणतील, नवरीची मामी बाजारातून थेट पिशवी घेऊन आली!"

"म्हणू देत. तुझ्याकडे कोण बघणार आहे, माझ्याकडेच बघतील ना?"

"बघ, बघ. नणंदेला टोमणे मारायला बरा आवाज फुटतो!"

नायला मध्ये पडली. "तुम्ही दोघी भांडा. मामी, तू आधी घालून ये."

आली घालून. काळ्याखाली ती किती वाळली होती ते तेव्हा दिसलं. झगा खांद्यावरून लोंबत होता. मी मागे हटणारी नव्हते. माझा सोन्याचा पट्टा तिच्या कमरेला बांधला, मण्यांच्या दोन माळा घातल्या, खांद्यावर चमकीची शाल टाकली, छातीवर मोराची पिन लावली. लांब जाऊन पाहिलं. अति तेथे माती म्हणतात ती ही.

वहिनी आरशात बघून म्हणाली, "इसाफ, मला विकायला काढलंयस का?"

आम्ही तिघी हसत सुटलो. तिला तशी हसताना पाहून मी सगळं मुकाट्यानं उतरवलं.

नायलानं मग झगा इस्त्री केला, आत अस्तराचा परकर घातला, म्हणजे घोळ नीट पडला आणि कापड जरा जड दिसू लागलं. खांद्याशी आतून टाके घातले. कमरेला काही हवं होतं. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि खुर्चीवर पडलेला वहिनीचा दुखवट्याचा काळा रेशमी रुमाल उचलला. लांबट घडी करून कमरेला घट्ट गुंडाळला, बाजूला गाठ मारली. पायांत वहिनीचेच काळे टाचेचे बूट, हातात तीच काळी छोटी पर्स, केस वर बांधलेले आणि कानांत तिच्या लग्नातले मोती. बस्स.

लिंबं तीच होती, पण आता ती बाजारातली वाटेनात.

"अगं कार्टे, काळं उतरवायला आलो ना आपण?" मी म्हटलं. "तेच परत बांधतेस?"

वहिनीनं गाठीवर हात ठेवला. "राहू दे गं इसाफ. एवढं राहू दे."

मी ती गाठ जरा घट्ट केली.

लग्नाच्या दिवशी दुपारी माझं अंगण भरलं. वरमाई आल्या, काळ्या रेशमात. त्यांच्या दोन्ही मुली काळ्यात. नायलाच्या मैत्रिणी एकजात काळ्यात, फॅशन म्हणे! मी कपाळावर हात मारून घेतला. आणि फाटकातून आत आली ती आमची विधवा, पिवळ्याधमक लिंबांत. सगळं अंगण वळून बघायला लागलं. वरमाई माझ्या कानाशी लागल्या, "ह्या कोण? कुठे शिवला हो?"

"पॅरिसला," मी म्हटलं.

नायला उंबऱ्यावर आली आणि थांबली. ती मामीकडे बघत होती. वहिनीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग तिनं कमरेची गाठ मुठीत धरली, दुसरा हात तोंडाशी नेला.

"आवीहा, दारातल्या लिंबोणीला फुलं आली पांढरी,
आवीहा, नणंद माझी तापट, तरी माया तिच्या अंतरी,
आवीहा, नायला निघाली सासरी, उजळो तिचं नशीब,
आवीहा, आज असता तर नाचला असता माझा हबीब!"

नाव घेतलं तिनं. पण पुढचं 'लिलिलिली' काही निघेना. झलगूता असा अर्धा सोडत नाहीत, आणि हबीबच्या नावावर तर मी सोडू देणार नव्हते. मी हात तोंडाशी नेला आणि होता नव्हता तो जोर लावून जीभ नाचवली. काय कर्कश! झाडावरचे कावळे उडाले. मग मागून बायकांनी उचलून धरलं, नायला रडत-हसत उंबरा ओलांडून मामीच्या गळ्यात पडली, आणि लिंबांवर तिचं काजळ लागलं.

वहिनीनं तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि डोळे पुसले.

"इसाफ," ती म्हणाली, "हबीब सांगायचा ते खरंच होतं गं. तू तोंड उघडू नकोस."