ट्रॅकवरचा आवाज

"आंटी, आपको गाना नहीं है. ट्रॅक चलेगा, आप सिर्फ होंठ हिलाओ," झैद म्हणाला आणि फोनमध्ये डोकं घालून मोकळा झाला.

लुत्फा बेगमनं आरशात बघत टिकली सरळ केली. "होंठ किसके?"

"आपके."

"तो आवाज भी मेरी आज की चलेगी."

आखातातल्या रुवैस गावच्या बांगलादेशी कामगारांसाठी आजचा कार्यक्रम होता आणि झैद त्याचा आयोजक. एके काळी ढाक्याच्या पडद्यावर गाजलेली गाती नायिका म्हणून त्यानं लुत्फाला बोलावलं होतं. पण दुपारच्या तालमीत त्याचा धीर सुटला. काळी चारच्या पट्टीत लख्ख लागणारा तो गळा आता पांढरी तीनवर उतरला होता, तोही खरखरत.

"पब्लिक पुराना आवाज सुनने आ रही है. नहीं तो स्क्रीन पे फिल्म की क्लिप लगा दूँगा. खलास."

हे स्टेज गेलं तर दुसरं कोण देणार होतं? डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीत मुलाच्या घरी नातवंडं सांभाळणाऱ्या बाईला कार्यक्रम काही रोज चालून येत नाहीत. पेटीच्या साथीला आलेली शेजारीण उर्मिला तर पुरती धास्तावली. रोज दुपारी दोघी पेटी काढून बसायच्या, त्यातच लुत्फानं तिच्याकडून मराठी उचलली होती.

"आपा, हलवा ना ओठ. काय बिघडतं? आवाज तुमचाच तर आहे."

"त्या पोरीचा आहे. ती पोरगी केव्हाच गेली."

ही बाई कशी आहे ते उर्मिलाला ठाऊक होतं. लुत्फाच्या दुसऱ्याच सिनेमात निर्मात्यानं तिच्या तोंडी परक्या गायिकेचा आवाज घातला. हिचा गळा म्हणे नायिकेला शोभेल इतका नाजूक नव्हता. गाणं गाजलं. बरिसाल शहरातल्या सत्कारात लोक त्या गाण्याचं कौतुक करायला लागले, तेव्हा हिनं माइकवर सरळ सांगून टाकलं, हे मी गायलेलं नाही. निर्माता खवळला, पुढचा सिनेमा हातचा गेला. मग प्रत्येक करारात तिची एकच अट, माझ्या तोंडी माझाच आवाज. त्यापायी कितीतरी भूमिका गेल्या, लोकांनी हेकट ठरवलं. हेकट तर हेकट. पण त्यानंतर पडद्यावर ती जे गायली, ते तीच गायली.

संध्याकाळी ती स्टेजवर आली तशा शिट्ट्या वाजल्या. उर्मिलानं पेटीवर बोटं ठेवली, तोच स्पीकरमधून ट्रॅक सुरू झाला. झैदनं आपलंच खरं केलं होतं. सोपं होतं सगळं. ओठ हलवायचे, टाळ्या घ्यायच्या, बिर्याणी खाऊन घरी जायचं.

लुत्फानं माइक खाली घेतला आणि तोंड घट्ट मिटलं. स्पीकरमधून तरणा आवाज गात राहिला आणि ती दिव्यांच्या झोतात नुसती उभी, झैदकडे बघत. शिट्ट्या थांबल्या, कुजबुज सुरू झाली. विंगेतून झैदनं आधी हात जोडले, मग हातवारे केले. ती जागची हलली नाही. रागानं तिचे कान तापले होते. शेवटी कडव्याच्या मध्यातच त्यानं ट्रॅक बंद केला.

"ती मुलगी छान गायची," लुत्फा समोरच्यांना बंगालीत म्हणाली. "आता मी गाते."

मग उर्मिलाकडे वळली. "पांढरी तीन."

अंतऱ्यात वरच्या सुरावर आवाज फाटला. उर्मिलानं घाईघाईनं पेटीचा आवाज वाढवला.

"झाकू नकोस," लुत्फा म्हणाली आणि तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा फाटला. मग तिनं सूर खाली वळवला, आपल्या गळ्याला मानवेल तिथे, आणि गाणं पुढे नेलं.

मागचे काही जण उठून परतीच्या बसकडे गेले. उरलेल्यांनी आपापल्या प्लास्टिकच्या खुर्च्या उचलल्या आणि स्टेजच्या जवळ आणून मांडल्या, नीट ऐकू यावं म्हणून.