डेर ल्योफेल म्हणजे चमचा

मानसिंगरावांच्या नातीचं नाव संस्कृती, आणि तिला मराठीचा गंधही नाही. मुलानं, अजितनं, जर्मनीत संसार थाटला, सूनही तिथलीच. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की पोर एकदा "ओपा", म्हणजे आजोबा, म्हणायची आणि पसार व्हायची. काटेवाडीत चारचौघांना बोलून गार करणारा हा माणूस फोनसमोर मात्र मुका. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

मग गडी बारामतीला समिनाच्या जर्मनच्या वर्गात जाऊन बसला. भोवती परदेशी निघालेल्या नर्सिंगच्या पोरी, आणि मधे ही पांढरी टोपी.

"आबा, एकच शब्द धरा, पण पक्का धरा," समिना म्हणाली. "ल्योफेल. म्हणजे चमचा."

"त्यो चमचा का ती चमचा?"

"तो. डेर ल्योफेल. चमचा घेतला तर डेन ल्योफेल. चमच्यानं खाल्लं तर मिट डेम ल्योफेल."

"म्हंजी आपल्या विभक्तीवानीच की! आपलं शेपूट वळवळतं, ह्यांचं मुंडकं."

आठवडाभर मानसिंगराव म्हशीला पेंड घालताना डेर, डेन, डेम घोकत राहिले. जयवंताबाई, त्यांच्या मंडळी, कपाळाला हात लावायच्या.

रविवारी फोन लागला तेव्हा संस्कृती दही खात होती. मानसिंगरावांनीही चमचा उचलला, घसा खाकरला, आणि ऐनवेळी घात झाला. "मी चमच्यानं खातो" म्हणायला गेले ते, "इश एसे मिट डेन ल्योफेल!"

पोर थबकली, नकाराची मान हलवत ओरडली, "नाइन, ओपा! डेम!"

"डेर?"

"डेम!" ती खदखदून हसली, फोनला नाक लावून बसली आणि उठायचं नाव घेईना. शेवटी आईनं उचलून नेली. मानसिंगरावांना इतका आनंद झाला की जेवणच गेलं नाही.

पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी शब्द असा घोटला की समिनानं भर वर्गात टाळ्या वाजवल्या. फोन लागला. मानसिंगराव खणखणीत आवाजात म्हणाले, "मिट डी ल्योफेल!"

"डेम, ओपा, डेम!"

जयवंताबाईंनी कोपर मारलं. "अवो, सकाळी म्हशीफुडं तर बरूबर म्हणत हुता!"

"गप. बरूबर बोललो, तर ती उठून जाती."

पडद्यावरच्या त्या इवल्या नाकाकडं बघता बघता जयवंताबाईंना भरून आलं. पदरानं डोळे पुसून त्यांनी नवऱ्याच्या हातातला चमचा काढून घेतला.

"सरका तिकडं," त्या म्हणाल्या. "मला बी जरा चुकू द्या."