दोन बापांची पसंती

ओराझालीचा रविवार मुलीसाठी राखलेला असे. शोल्पानपासून वेगळं होऊन त्याला आठ वर्षं झाली होती. तोग्झान आठवडाभर आईकडे, म्हणजे आई आणि आईचा दुसरा नवरा रेनात यांच्याकडे असायची आणि रविवारी सकाळी ट्रॉलीबसनं बापाकडे यायची. ओराझाली तिच्यासाठी मेंढीचं काळीज आणून बटाट्याबरोबर कढईत परतायचा. त्याचं टायरचं दुकान रविवारीही उघडं असे, पण त्या दिवशी गिऱ्हाइकं भागीदारानं सांभाळायची, हे ठरलेलं होतं.

ऑक्टोबरातल्या अशाच एका रविवारी जेवता जेवता तोग्झान म्हणाली की पुढच्या वर्षी ती ब्रिटनला शिकायला जाणार आहे. तिथल्या कॉलेजात दोन वर्षं काढली की तिथल्याच विद्यापीठात प्रवेश मिळणं सोपं जातं. रेनातकाकांनी सगळी चौकशी केली होती. रेनातकाकांनी तीन कॉलेजं निवडली होती. रेनातकाकांच्या मते त्यातलं केंब्रिजचं सगळ्यात चांगलं होतं.

मुलगी इतक्या लांब जाणार याचं ओराझालीला वाईट वाटायला हवं होतं. तसं ते वाटलंही, पण नंतर. आधी डोळ्यांसमोर आलं ते त्या घरातलं टेबल. त्यावर कॉलेजांची चकचकीत पत्रकं पसरलेली, भोवती ही तिघं चहा पीत बसलेली, काहीतरी बोलून हसतायत. आणि सगळं ठरून गेल्यावर आज आपल्या कानावर घातलं जातंय.

"मग माझं काय काम?" त्यानं विचारलं.

"तुमची संमती लागते, पप्पा. नोटरीसमोर. मी अजून अठराची नाही ना."

"म्हणजे निवडायचं पेट्रोलसाहेबांनी आणि अंगठा उठवायचा मी."

रेनात तेलकंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, म्हणून हे नाव. ओराझालीनं त्याचं खरं नाव आठ वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. तोग्झाननं चमचा खाली ठेवला आणि काका फक्त मदत करतायत, असं हळूच सांगितलं.

"मग मीही करतो मदत. कॉलेजं मीही बघतो. त्यानंतर सहीचं बघू."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात वेगळाच उद्योग सुरू झाला. पहिला बर्फ पडायच्या आत सगळ्या अल्माटी शहराला हिवाळी टायर हवे असतात, दारात गाड्यांची रांग लागलेली, आणि मालक आत बसून फोनवर इंग्लंडमधल्या कॉलेजांचे व्हिडिओ बघतोय. भागीदार वैतागला. ज्या गिऱ्हाइकाची मुलं परदेशात शिकत असतील त्याला ओराझाली आत बोलवून चहा पाजायचा आणि खोदून खोदून विचारायचा. आधी त्याच्या मनात एडिंबरा भरलं. शहराच्या मधोमध डोंगर, आपल्यासारखाच. त्यानं मोठ्या ऐटीत तोग्झानला फोन करून सांगितलं. ती खूश होऊन म्हणाली, "अरे वा, रेनातकाका स्कॉटलंडलाच होते दोन वर्षं, अॅबर्डीनला. त्यांचे मित्र आहेत अजून तिथे."

ओराझालीनं त्याच क्षणी सगळ्या स्कॉटलंडवर काट मारली. तिकडे हवा फार वाईट, म्हणाला.

मग नकाशा पसरून त्यानं केंब्रिजपासूनही लांब आणि अॅबर्डीनपासून तर आणखीच लांब असा कोपरा शोधला. नैर्ऋत्येला डेव्हन नावाचा परगणा होता, समुद्रकाठी. तिथलं एक कॉलेज त्यानं धरून ठेवलं. खरं सांगायचं तर त्या कॉलेजबद्दल त्याला विशेष काही माहीत नव्हतं. रेनातला ते माहीत नव्हतं, एवढं पुरेसं होतं.

महिन्याअखेरीस एका मोठ्या हॉटेलात परदेशी कॉलेजांचं प्रदर्शन भरलं. डेव्हनचे लोकही येणार होते. ओराझालीनं कोट चढवला, विचारायचे प्रश्न पाठ केले आणि तोग्झानला घेऊन गेला. ती दुभाष्याचं काम करणार होती. आत शिरतो तर समोर शोल्पान आणि रेनात. ते केंब्रिजवाल्यांना भेटायला आले होते. रेनातनं पुढे होऊन दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि "कसे आहात, ओरेके?" असं, नाव आदरानं आखडून, वडीलधाऱ्याला विचारावं तसं विचारलं. ओराझालीनं मान हलवली.

डेव्हनच्या टेबलाशी एक गोरी बाई होती. शोल्पान आणि रेनातही मागोमाग आले, आणि चौघं एकदम समोर आल्यावर तिनं सगळ्यांकडे पाहिलं, मग रेनातशी हात मिळवून काहीतरी बोलली आणि तोग्झानकडे बघून हसली. तोग्झानचे कान लाल झाले. भाषा कळत नसली तरी ओराझालीला सगळं कळलं.

रेनातनं ताबडतोब मान हलवली. तो बाजूला सरकला, ओराझालीच्या पाठीला हात लावून त्याला पुढे केलं आणि इंग्रजीत सांगितलं की वडील हे, मी नाही. बाई ओशाळली, तिनं पुन्हा पुन्हा माफी मागितली. त्यानं निदान गप्प तरी राहायचं होतं, ओराझालीच्या मनात आलं. म्हणजे चिडता तरी आलं असतं.

पुढे तर त्याहून वाईट झालं. तोग्झान लाजून अडखळायला लागली, तेव्हा रेनातनं मी सांगतो म्हणून दुभाष्याचं काम आपल्याकडे घेतलं. ओराझालीनं पाठ केलेले प्रश्न एकेक करून रेनातच्या तोंडून बाहेर पडले. वसतिगृहात रात्री कोण असतं, मूल आजारी पडलं तर काय करता, जेवणात मटण असतं का. इंग्रजीत ते सगळे जास्त हुशार वाटत होते. बाई भराभर लिहून घेत होती, आणि उत्तरं देताना बघत होती ती रेनातकडे.

बाहेर गाड्यांपाशी आल्यावर ओराझालीचा तोल गेला. सही डेव्हनसाठी करीन, नाहीतर कशालाच करणार नाही, असं त्यानं शोल्पानला ऐकवलं.

"तुला डेव्हनशी काही घेणंदेणं नाही," ती म्हणाली. "ह्यानं डेव्हन म्हटलं असतं तर तू केंब्रिजसाठी अडून बसला असतास. मी तुला आजपासून ओळखते का?"

"माझी मुलगी आहे. एवढं तरी माझ्या हातात राहू दे."

"तुझ्या हातात तिचं नुकसान करणं आहे, तेवढंच करतोयस."

ही बोलाचाली चालू असताना तोग्झान तिथून केव्हा निघून गेली ते कुणालाच कळलं नाही. ती एकटीच ट्रॉलीबसनं घरी गेली होती.

पुढच्या रविवारी ती आली नाही. ओराझालीनं काळीज परतलं, ते थंड झालं, पुन्हा गरम केलं, आणि शेवटी दुकानात नेऊन भागीदाराला खाऊ घातलं. ती आता त्या टेबलाशी बसली असेल, रेनात तिची समजूत घालत असेल, आणि ती मान हलवत असेल, हे चित्र त्याच्या डोक्यातून जाईना. त्याच आठवड्यात तिचा निरोप आला. शनिवारी आईकडे या. तुमच्याशी आणि काकांशी दोघांशी एकदमच बोलायचंय.

त्या घराच्या पायऱ्या ओराझाली पहिल्यांदाच चढला. दार रेनातनं उघडलं आणि पाहुण्यांच्या सपाता पुढे केल्या. ओराझालीनं मोजे घालूनच आत जाणं पसंत केलं. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली लांब फळी होती आणि तिच्यावर दगड मांडलेले होते. काळे, हिरवट, मधोमध पांढरी रेघ असलेले. प्रत्येकाखाली तोग्झानच्या अक्षरात चिठ्ठी, कुठल्या दरीत सापडला, कुठल्या नदीत. दोनतीन ठिकाणं ओराझालीच्या ओळखीची निघाली. उन्हाळ्यात तोच तिला गाडीतून तिकडे फिरवून आणायचा. गाडीत मागे दगड पडलेले दिसले की तो शिव्या घालून फेकून द्यायचा. कुठून येतात, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

सगळे बसले. शोल्पाननं चहा ओतला, बाउरसाकांची परात मध्ये ठेवली. तळलेल्या पुरीसारख्या त्या गोळ्यांना कुणी हात लावला नाही. तोग्झान उभीच होती.

"तुम्ही दोघांनी मिळून किती कॉलेजं बघितली," ती म्हणाली. "हवा बघितली, वसतिगृह बघितलं, कुठलं कॉलेज कितव्या नंबरावर आहे ते बघितलं. मी शिकणार काय, हे कुणी विचारलं?"

रेनात म्हणाला की अर्थशास्त्र, असं आपण धरून चाललो होतो ना. ओराझालीला मनातल्या मनात बरं वाटलं, कारण त्यालाही माहीत नव्हतं, पण निदान त्याचं अज्ञान तरी उघडं पडलं नव्हतं.

"भूशास्त्र," तोग्झान म्हणाली. "हा विषय शिकवणारी कॉलेजं तिथे फार थोडी आहेत. केंब्रिजच्या तुमच्या कॉलेजात नाही, काका. पप्पा, डेव्हनच्या तुमच्यातही नाही. मी दोन्हीकडे लिहून विचारलं."

तिला हवं होतं ते कॉलेज वेल्समधल्या एका लहान गावात होतं. सरकारी, साधं. तिनं स्वतः शोधलं होतं, तिथल्या भूशास्त्राच्या बाईंशी बोलली होती. वसतिगृह नव्हतं, गावातल्या एका कुटुंबात राहायचं होतं. त्या माणसांना तिनं आता फोनवर येण्याची वेळ दिली होती, म्हणजे दोघांनाही बघून घेता येईल.

पडद्यावर एक जाडजूड म्हातारा आला, गॅरेथ नावाचा, बाजूला त्याची बायको. त्यानं फोन हातात घेऊन आधी खोली दाखवली, मग खिडकी, खिडकीतून मागचा डोंगर. रेनात भाषांतर करून सांगत होता. म्हातारा म्हणत होता की इथल्या सगळ्या जुन्या खाणी त्याला पाठ आहेत, दर शनिवारी तो पोरीला एकेक दाखवून आणील. त्याला स्वतःला मूलबाळ नाही. तिच्यासाठी चढायचे बूट त्यानं आत्ताच बघून ठेवलेत, पायाचं माप तेवढं कळवा. तोग्झान खळखळून हसली आणि तिनं इंग्रजीत माप सांगितलं.

भाषांतर करता करता रेनातचा आवाज बारीक होत गेला. बुटांपाशी तर तो थांबलाच, आणि ओराझालीनं "काय म्हणाला?" असं विचारल्यावर त्यानं मान दुसरीकडे वळवून सांगितलं. ओराझालीनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा त्याला चांगलाच ओळखीचा वाटला.

निघताना रेनात त्याला फाटकापर्यंत सोडायला आला. 

"जरा जास्तच बोलतो तो म्हातारा," रेनात म्हणाला.

"बूट म्हणे," ओराझाली म्हणाला. "आम्ही काय अनवाणी पाठवणार आहोत?"

रेनात हसला, पण ते हसू टिकलं नाही. "ओरेके, एक सांगू? आठ वर्षं ती माझ्या घरात आहे. ताप आला तर मी जागलोय. रविवारी तुमच्याकडून येते आणि झोपेपर्यंत तुमच्याच गोष्टी सांगत बसते. दुकानात कोण आलं, पप्पा काय म्हणाले. लहान होती तेव्हा वाटायचं, कधीतरी चुकून तरी मला पप्पा म्हणेल. चुकूनसुद्धा म्हणाली नाही. आणि आता तिला पाठवायची, तर माझ्या सहीची कुठेच गरज नाही. मी विचारलं नोटरीकडे."

इतकी वर्षं ज्याचा हेवा केला तो माणूस आपला हेवा करत होता, हे ऐकून ओराझालीला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण तो आनंद घेऊन मिरवावं असं काही त्याला वाटलं नाही.

"सोमवारी नोटरीकडे जातो," तो म्हणाला. "तूही ये. सही नसली तरी काय झालं. रेनात, तिकडे मला इंग्रजी कागद वाचून दाखवायला कुणीतरी लागेलच."

नाव घेतलेलं दोघांच्याही लक्षात आलं. 

सप्टेंबरात तोग्झान गेली. विमानतळावर ती तिघांनाही बिलगून रडली. कुणाला जास्त वेळ धरलं हे ओराझालीनं बघितलंच, न बघता राहणं त्याला जमलं नाही. पहिले दोन आठवडे ती रोज फोन करायची, मग दोन दिवसांआड, मग अभ्यास वाढला. बोलायला लागली की गॅरेथनं खाडीत पकडलेली मासळी, गॅरेथनं दाखवलेली स्लेटच्या दगडाची खाण, गॅरेथनं शिकवलेलं वेल्श गाणं. ओराझाली हं हं करत ऐकायचा आणि फोन ठेवल्यावर भागीदारावर उगाच डाफरायचा.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी दुकान बंद करताना रेनातचा फोन आला. इकडची तिकडची विचारपूस झाली. मग तो जरा घुटमळून म्हणाला, "ह्या आठवड्यात तिचा काही फोन आला का तुम्हाला? आमच्याकडे आला नाही. शोल्पान काळजी करतेय."

तोग्झान आदल्या रात्रीच ओराझालीशी तासभर बोलली होती. पहिल्या चाचणीत वर्गात पहिली आली होती, आणि हे सर्वांत आधी तुम्हालाच सांगतेय, पप्पा, असं म्हणाली होती. ओराझाली दिवसभर तेच वाक्य मनात घोळवत होता. आता ते अगदी ओठांवर आलं.

"नाही बुवा," तो म्हणाला. "मलाही नाही आला. त्या डोंगरात फोन लागत नसेल."

"हो, लागत नसेल," रेनात म्हणाला. त्याचा आवाज जरा सैल झाला होता. "तसंच असेल."

फोन ठेवल्याबरोबर ओराझालीनं तोग्झानला संदेश पाठवला. आज आईला आणि रेनातकाकांना फोन कर. पहिली आलीस ते सांग, आणि सर्वांत आधी त्यांनाच सांगतेयस असं म्हण. मग त्यानं दुकानाचं शटर खाली ओढलं.