कॅप्टनला कसं विचारायचं

फुटबॉल क्लबचं ऑफिस जॉर्ज टाउनात, मालकांच्या कागदाच्या घाऊक दुकानावरच्या माळ्यावर. तिथं चित्रा बारा वर्षं सगळं बघत होती: नोंदणी, पगार, विमा, कुणाचा गुडघा कुठल्या डॉक्टरकडे. फुटबॉल तिला कळत नसे. माणसं कळतात, असं मात्र तिला वाटत असे.

सोमवारी मालक नारायणस्वामी माळ्यावर आले आणि कोऱ्या कागदावर बोट ठेवून तमिळमध्ये म्हणाले, "दिनकरचे साठ हजार. त्यात एन्नोरचा प्राणेश धरून तीन पोरं येतात. पळणारी."

"कोच म्हणतात, मागं एक जाणता माणूस हवा."

"मग विचार त्याला, पोरांच्या पगारात राहतो का. अठरा हजार. हो म्हणाला तर दोनच पोरं घेऊ. तुझ्या भाषेचा माणूस, तूच विचार. शुक्रवारी पाचला संघटनेकडे खेळाडूंची यादी गेली पाहिजे."

दिनकर मूळचा कोल्हापूरचा. नऊ हंगाम बचावात भिंतीसारखा उभा, त्यातले सहा कॅप्टन. वय छत्तीस. चित्राची मराठी तंजावरची, घरात जपून ठेवलेली. ती ऐकून तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "अक्का, तुमचं बोलणं ऐकलं की वाटतं, पगार होनांत मिळणार."

मंगळवारी तिनं फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. सरावाला येणाऱ्या ज्या प्राणेशला पाय कुठं टाकायचा हे दिनकरनं शिकवलं, त्याच्याच भावात दिनकरला मागायचं? तिच्या वडिलांना, माधवरावांना, निवृत्तीनंतर कचेरीनं अर्ध्या पगारावर परत बोलावलं होतं. ते गेले. कालपर्यंत ज्याला ते टिपणं शिकवत होते, त्याच्याच टेबलाशेजारी स्टुलावर बसले. अम्मा तो स्टूल मरेपर्यंत विसरली नाही. चित्राही नाही.

बुधवारी तिनं मालकांना सांगितलं, "दिनकर नको म्हणाला."

"मानी माणूस," नारायणस्वामी म्हणाले आणि तिसऱ्या पोराचं नाव लिहायला सांगितलं.

त्याच संध्याकाळी तिनं दिनकरला फोन केला. क्लबनं नवी पोरं घ्यायची ठरवली आहेत, म्हणाली.  तो म्हणाला, "बरं." शुक्रवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना यादी गेली. तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण काहीच वाटलं नाही. दात उपटल्यावर गाल आपलाच असतो आणि आपला नसतो, तसं काहीसं.

शनिवारी दिनकर क्लबनं मोकळं केल्याचं मुक्तिपत्र घ्यायला आला. इस्त्रीचा शर्ट घालून, लग्नाला निघाल्यासारखा. तिनं खालून कॉफी मागवली.

"जेवण झालें?"

"झालं." त्यानं टंबलरमधली कॉफी डबऱ्याच्या पसरट वाटीत ओतली, परत टंबलरमध्ये ओतली, प्यायला मात्र नाही. "अक्का, एक विचारू? मालक माझ्यावर चिडल्यात काय?"

"नाही रे."

"न्हाई, कारण मला एकच वरीस पायजे होतं. पोरीची धावी हितंच झाली असती. मधेच शाळा बदलायची म्हंजे... पैशाचं म्हणाल तर मी कितीत बी खेळलो असतो. विचारलं तरी असतं की वो."

खाली हातगाडीवाला कुणाला तरी बाजूला हो म्हणून ओरडत होता. चित्रा शिक्का शोधत होती. शिक्का तिच्या हातातच होता.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हणजे मला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही."

"किती म्हणालते?"

"अठरा."

त्यानं मान हलवली. "भागलं असतं. बायको शिकवण्या घेतीया." मग तिच्याकडं नीट बघत म्हणाला, "मग का न्हाई विचारलं?"

"प्राणेशच्या पगारात तुला कसं विचारायचं?"

"तुम्हाला माझी लाज वाटली व्हय?"

तिच्याकडं तीन-चार उत्तरं होती. मान, आदर, वडील, स्टूल. तोंडातून आलं, "होय."

"मला न्हवती वाटत," तो म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"जानेवारीत परत नावं घेतात."

"तवर पोरगी कोल्हापूरच्या शाळंत बसली असंल."

त्यानं सही केली, पत्राची घडी खिशात घातली आणि जिना उतरला. एकेक पायरी, सावकाश, गुडघा सांभाळत. कॉफी तशीच राहिली.

चित्रा खाली दुकानात गेली. नारायणस्वामी रिमं मोजून घेत होते. तिनं सगळं सांगितलं. तिला मागं-पुढं करून सांगता येईना, म्हणून सरळ सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला वाटलं, त्यानंच आपल्याला सोडलं," ते म्हणाले. "चार दिवस रागात होतो त्याच्यावर." मग रिमांवर हात ठेवून, "पोरांनी सह्या केल्यात. आता कुणाला काढू?"

त्यांनी पुढचं रिम मोजायला घेतलं.

"विमा झाला तिघांचा?"

"करते."

ती वर आली. प्राणेशचा फॉर्म उघडला. आपत्काळी कुणाला कळवायचं, त्या रकान्यात त्यानं आईच्या नावाखाली दिनकरचं नाव आणि नंबर घातला होता. नंबर चालू राहील का, हे विचारायला हवं होतं. तिनं फोन उचलला आणि मंगळवारसारखा खाली न ठेवता दिनकरला लावला.