खिडकीतली पाण्याची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी खोली आहे. कोल्हापुरातल्या एका चर्चला मागाहून जोडलेली. गोष्ट पायापासून सांगायची रीत आहे. पण माझा जीव खिडकीत आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

खिडकीला काच नाही. तिच्या तळाशी जोतिबाच्या डोंगराचा काळा दगड आडवा बसवला आहे. दगडावर तीन नावं. पहिल्या महायुद्धात विमानं घेऊन गेलेली ही तीन मुलं परत आली नाहीत, सापडलीही नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी मला बांधलं. तेव्हा इथे शाहू महाराजांचं राज्य होतं.

दगड घडवला गैबी पाथरवटानं. महिनाभर त्याची छिन्नी वाजत होती. दगड जागी बसला आणि मुकादम गणपतराव ओरडले.

“गैबी, ह्यो खळगा कशाला पाडलास? हितं चटणी वाटायची हाय व्हय?”

गैबीनं पाहिलं. नावांखाली वाटीएवढा गोल खळगा! त्याचं तोंड उतरलं.

“सवयीनं हात गेला की, मुकादम. आमच्यात कबरीच्या दगडाला पाखरांसाठी पाण्याची वाटी पाडत्यात. जन्मभर त्येच केलंय.”

“पर ही कबर न्हवं! हितं कोन निजलंय?”

पाद्रीसाहेब म्हणाले, दगड काढा. रविवारच्या आत साधा बसवा. गैबीनं पहार उचलली. माझ्या भिंती अजून ओल्या होत्या. मी थरारले.

तेवढ्यात मडमबाई आल्या. तिसरं नाव त्यांच्या मुलाचं. त्याचं विमान समुद्रात पडलं होतं. फूल ठेवायलाही जागा उरली नव्हती. त्यांनी खळग्यावरून बोट फिरवलं.

“गैबी, अशी वाटी कबरीलाच करतात ना?”

“व्हय, बाईसाब. चुकलं माझं.”

“मग माझ्या लेकराला कबर मिळाली की. पहार ठेव. पाणी आण.”

गैबी धावतच विहिरीकडे गेला.

पुढे त्याची बायको हुसेनबी रोज सकाळी वाटी भरायची. मग तिची सून. मग…

मग कौलं फुटली. दाराला कुलूप. चुना पडला, नावं झिजली.

पण बाहेरून हात पोचतो. रोज कुणीतरी पाणी ओततंच. चिमण्या येतात, साळुंख्या भांडतात. मित्रांनो, त्या चुकलेल्या हाताची मी ऋणी आहे. त्या मुलांजवळ रोज कुणीतरी उडत येतं.

माझी डागडुजी जमेल तेव्हा करा. पण याल तेव्हा तांब्याभर पाणी आणा. आधी वाटी भरा. नावं मग वाचा.