मंगळवारी उतरेल

सत्तावीस वर्षं मी विमानाच्या तिकिटांच्या काउंटरवर बसले. तेव्हा दर एका जाडजूड पुस्तकात छापलेले असत. वर्षातून दोनदा बदलत, आणि बदलण्याच्या महिनाभर आधी आमच्या शिपायालाही ते ठाऊक असत. तिकिटाच्या पाठीला लाल कार्बन असे. संध्याकाळी घरी आले की माझी बोटं बघून मुलगा विचारायचा, "आई, कुणाला मारून आलीस?" तो तेव्हा सहा वर्षांचा होता आणि माझ्याशी खरं बोलायचा.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला राहते, आणि एकसष्टाव्या वर्षी लग्न करते आहे. नवरा मुलगा घड्याळं दुरुस्त करतो, वय सहासष्ट. नोंदणी कचेरीत, महिन्याभराने येणाऱ्या शुक्रवारी, अकरा वाजता.

"माझ्या बाजूने सही तू करायचीस, अक्का," ती म्हणाली. "दुसरं आहे कोण मला?"

"येते ना."

"आईच्या वेळीही 'येते'च म्हणाली होतीस."

आईच्या वेळी ह्यांनी 'रविवारी निघू' म्हटलं होतं. आई शनिवारी गेली. तीस वर्षं झाली, बहिणीने तो रविवार पदराला गाठ मारून ठेवलाय. माझ्यासाठीच.

"या खेपेला नाही आलीस तर शेजारीण सही करेल," ती म्हणाली. "मग फोनही करू नकोस."

मी त्याच दिवशी तिकीट काढायला निघाले होते. मुलगा दारात आडवा आला.

"आई, तुझ्या पुस्तकाचे दिवस गेले. आता तासातासाला बदलतं. दराचं काही सांगता येत नाही. घाई केलीस तर दुप्पट मोजशील."

"आणि सगळ्यांनी शोधत बसायचं नाही हं," सून म्हणाली. "आपण जितकं बघू तितकं ते चढवतात. एकानेच बघायचं, दिवसातून एकदाच."

म्हणजे बघायचं मुलाने, सकाळी आठ वाजता, चहाच्या वेळी. बाकीच्यांनी त्या वाटेला जायचं नाही. सुनेने माझ्या फोनमधून तिकिटांचं ॲपसुद्धा काढून टाकलं, चुकून बोट लागायला नको म्हणून. मीही मुकाट मान डोलावली. काउंटरच्या पलीकडे उभी राहिलेली माणसं माझ्यापुढे अशीच मान डोलवायची.

चोवीस दिवस असं चाललं. तो फोनकडे बघायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि निकाल सांगायचा. "चढलंय. मंगळवारी उतरेल." मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने बाण काढायचे. वर, वर, थोडा खाली, पुन्हा वर. तीन मंगळवार आले आणि गेले.

"ताई येतेय ना?" असं म्हणे तो घड्याळवाला रोज विचारतो. बहीण त्याला सांगते, "येईल तेव्हा मोजू."

शनिवारी मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळून पिशवीत घातलं आणि पेन्सिलकडे गेले. पेन्सिल माझ्या हाताखाली शिकली. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून ते नाव. आता बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं स्वतःचं तिकिटांचं दुकान आहे, दोन खुर्च्या आणि एक पंखा.

"बाई, हा काय नकाशा आणलात?"

"दर आहेत. मला सांग, अजून किती थांबू?"

तिने कॅलेंडर टेबलावर पसरलं, कोपऱ्यावर स्टेपलर ठेवलं. मग संगणकावर त्या मार्गाचा महिन्याभराचा आलेख काढला आणि एकेका तारखेवर बोट ठेवत गेली. नऊ तारखेला थांबली.

"इथे तुम्ही वर बाण काढलाय."

"हो. नातीचा दात पडला त्या दिवशी. आकाशाला भिडलं म्हणाला."

"बाई, नऊला निम्म्यावर आलं होतं. सगळ्या कंपन्यांचं. पाच दिवस तसंच होतं." तिने पडदा माझ्याकडे वळवला. रेघ विहिरीत उतरावी तशी उतरली होती. माझे पाचही बाण वर तोंड करून उभे होते.

"त्याने दुसरीकडे बघितलं असेल," मी म्हटलं.

तिने अंबाड्यातली पेन्सिल काढून पुन्हा खोचली. खोटं बोलणारं गिऱ्हाईक समोर असलं की ती पूर्वीही असंच करायची. फक्त या वेळी गिऱ्हाईक मी होते, आणि खोटं स्वतःशीच बोलत होते.

"आज काय आहे?"

तिने आकडा सांगितला. नऊ तारखेच्या तिप्पट. शुक्रवारच्या आत पोचवणारं बुधवारचं एकच उरलं होतं, मध्ये सात तास बसून राहायचं. "उद्यापर्यंत थांबलात तर कदाचित..."

"थांबायला सांगणारे घरी आहेत. तू काढ."

कवळीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, त्यातून दिले. फोटोत तोंड मिटून हसेन.

"परतीचं?" पेन्सिलने विचारलं.

मी कॅलेंडर गुंडाळलं. "ते नको."

रविवारी आठ वाजता मुलगा चहा घेऊन बसला. सून ब्रेडला लोणी लावत होती. कॅलेंडर खिळ्यावर परत टांगलेलं होतं. त्याने फोन उचलला, आठ्या घातल्या. मी त्याला पूर्ण बोलू दिलं.

"चढलंय गं. मंगळवारी उतरेल."

मी तिकिटाचा कागद त्याच्या बशीशेजारी ठेवला. त्याने वाचला. मग पुन्हा वाचला.

"एवढे दिलेस? वेड लागलंय का तुला?"

"नऊ तारखेला निम्मं होतं."

सुनेची सुरी लोण्यात तशीच राहिली.

"तू बघत तरी होतास का रे?"

"पहिले चार दिवस बघितलं," तो म्हणाला. लाज वाटून नाही. हिशेबाला पक्का माणूस सांगतो तसं.

"आणि बाकीचे वीस?"

"मग काय करायचं होतं? तू दहा दिवस जाणार म्हणतेस. हिची नोकरी, माझी नोकरी. दीडला शाळेच्या फाटकाशी कोण उभं राहणार?"

"हे तोंडाने विचारता येत नव्हतं?"

"विचारलं असतं तर तू गेली असतीस."

"मावशींना या वयात लग्न सुचतं," सून म्हणाली, "आणि भोगायचं आम्ही."

"तुझा बाप निदान रविवार तरी खरा सांगायचा," मी मुलाला म्हटलं. "त्या रविवारच्या गाडीची तिकिटं त्याच्या खिशात सापडली होती. तुझ्या खिशात काय आहे?"

त्याने फोन पालथा ठेवला. मान खाली घालून बोटांकडे बघत राहिला. बोटं स्वच्छ होती.

मी उठून बॅग काढली. दोन साड्या, औषधं, जास्तीचा चष्मा, आणि एक चांगलं पेन. नात दारात येऊन सगळं बघत होती. तिला म्हटलं, बुधवारपासून बाबा येईल दीडला, तोवर फाटकातून हलायचं नाही.

बॅगेची चेन लावत होते तेव्हा मुलगा मागे येऊन उभा राहिला. कागद त्याच्या हातात होता.

"यात परतीचं नाही."

"नाही."

"मग कधी येणार?"

"तूच बघ रोज आठला," मी म्हटलं. "दराचं काही सांगता येत नाही."